तिसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे

श्रोतेहो, नमस्कार.

हळदीत चुना कालवला की ती लाल होते, कारण तिच्यातले रसायन बदलते. रंग बदलायचा तर पदार्थ बदलावा लागतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचे स्फटिक मात्र हा अनुभव खोटा ठरवतात. दोन नॅनोमीटर व्यासाचा स्फटिक निळसर उजळतो, तर सहा नॅनोमीटरचा तांबडा, आणि पदार्थ तोच असतो. प्रकाश पडला की स्फटिकातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि त्याच्या मागे एक धन प्रभाराचे रिकामे स्थान, म्हणजे विवर, उरते; या जोडीला मोकळेपणी वावरायला जेवढी जागा लागते त्याहून तिची खोली लहान असली, की त्यांची ऊर्जा वाढते आणि बाहेर पडणारा प्रकाश निळ्याकडे सरकतो. अशा स्फटिकांना पुंजबिंदू म्हणतात. त्यांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हे आपण ऐकलेच असेल. आज मला बोलायचे आहे ते बिंदूच्या आत चालणाऱ्या शर्यतीविषयी.

वर फेकला गेलेला इलेक्ट्रॉन आधी आपली जादा ऊर्जा टाकून खाली उतरतो. बिंदूतल्या पातळ्यांमधले अंतर मोठे असल्यामुळे हे उतरणे रेंगाळेल, असे सैद्धांतिकांचे भाकीत होते. प्रत्यक्ष मोजमापात ते एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्याही आत उरकते असे दिसले, कारण इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा विवराला देऊन टाकतो आणि विवराच्या पातळ्या दाटीवाटीने असल्याने ते झरझर खाली येते. त्यानंतर दोघे एकत्र येऊन प्रकाशकण बाहेर टाकतात, पण त्याला नेहमीच्या तापमानाला सुमारे वीस नॅनोसेकंद लागतात; उतरण्याच्या मानाने हा काळ हजारो पटींनी मोठा आहे.

या दीर्घ प्रतीक्षेतच घात होतो. बिंदूत आधीच एखादा जादा प्रभार अडकून पडला असेल, तर जोडी प्रकाश न देता आपली सगळी ऊर्जा त्या तिसऱ्याच्या माथी मारते. या प्रक्रियेला प्येर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे, आणि मराठी कानाला हे नाव जितके चपखल वाटते तितके ते दुसऱ्या कोणत्या भाषेत वाटत असेल असे मला वाटत नाही. १९९६ साली सुटासुटा बिंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तेव्हा अखंड प्रकाशझोतातही तो काजव्यासारखा उघडझाप करताना आढळला. पुढच्याच वर्षी एफ्रोस आणि रोझेन यांनी उलगडा सुचवला: प्रभार अडकला की अंधार, तो निघून गेला की उजेड. उलगडा सुरेख होता, पण पुरता नव्हता. २०११च्या प्रयोगांत दुसराही एक प्रकार सापडला, ज्यात इलेक्ट्रॉन खाली उतरण्याआधीच पृष्ठभागावरच्या सापळ्यात ओढला जातो आणि प्रभार न साठताही बिंदू विझतो.

उपाय म्हणून बिंदूभोवती दुसऱ्या अर्धवाहकाचे कवच चढवतात. २००८ साली कॅडमियम सल्फाइडचे जाड कवच दिल्यावर लुकलुकणे बहुतांशी थांबल्याचे दिसले. लेझरसाठी मात्र एवढ्याने भागत नाही, कारण प्रकाशवर्धनासाठी सरासरीने बिंदूमागे एकाहून अधिक जोड्या लागतात, आणि दोन जोड्या एकत्र आल्या की ओझे वाहणारा तिसरा गडी आयताच हजर असतो. सव्वा नॅनोमीटरच्या आसपास त्रिज्येच्या बिंदूत त्या दोन जोड्यांचा निकाल सहाएक पिकोसेकंदांतच लागतो. म्हणून अलीकडे गाभा आणि कवच यांच्यामधली सीमा धारदार न ठेवता मिश्रणाचे प्रमाण हळूहळू बदलत नेतात. सीमा सौम्य झाली की ऊर्जेचे हे हस्तांतरण मंदावते आणि प्रकाशाला आपली पाळी येईपर्यंत थोडी सवड मिळते.