ज्या पोरींना एकच डोस मिळाला

नमस्कार मायमाउल्यांनो. लेकीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस दिली. मग अभ्यासासाठी काही महिन्यांनी पुन्हा रक्त कशाला, असं तुम्ही विचारता. विचारायलाच हवं. त्यासाठी एक घडलेली गोष्ट ऐका.

सप्टेंबर २००९. देशात नऊ केंद्रांवर, त्यात आपलं पुणे आणि बार्शीही, १० ते १८ वर्षांच्या मुलींमध्ये अभ्यास सुरू झाला. तीन डोस लागतात की दोन पुरतात, एवढंच बघायचं होतं. एका डोसाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पातल्या मृत्यूंवरून वाद पेटला. त्यांचा लसीशी संबंध नसावा, असं पुढे चौकशी समितीनं सांगितलं. पण तोवर सरकारनं या अभ्यासातलंही लसीकरण थांबवलं होतं. १७,७२९ मुलींपैकी ४,९४९ जणी एकाच डोसावर राहिल्या. तरी नोंदवह्या मिटल्या नाहीत. पोरी मोठ्या झाल्या, लग्नं झाली, तपासण्या चालूच राहिल्या. एका डोसवाल्यांच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, कमी दिसल्या, पण टिकून राहिलेल्या. टिकून राहिलेल्या, हे ध्यानात घ्या. २०२१ मध्ये आकडे आले: एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचा चिवट संसर्ग एक डोसही तीन डोसांइतकाच रोखतो, सुमारे ९५ टक्के. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं.

म्हणून रक्त दोनदा. लसीआधी आणि लसीनंतर. आधीचं नसेल तर वाढ किती झाली, कळत नाही.

चमचाभर, पाच मिली रक्त. नळी अर्धा तास उभी ठेवून साकळू द्यायची, मग यंत्रात फिरवायची. वर येणारं पाणी, म्हणजे सीरम, जवसाच्या तेलासारखं पिवळं हवं. नळी गोठलेल्या आइसपॅकला टेकली, नाहीतर साकळण्याआधीच जीपमध्ये हिंदकळली, की तांबड्या पेशी फुटतात. सीरम अंबाडीच्या शरबतासारखं लाल येतं आणि नमुना वाया जातो.

या तपासणीला उपाशी राहायचं नसतं. साखरेच्या तपासणीसारखी ही नव्हे. उपाशी पोरींना चक्कर लवकर येते. सकाळच्या शाळेत लेकरं चहावर येतात, हे तसंही बंद व्हायला हवं; भाकरीचा तुकडा तरी पोटात असावा. सुई टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवूनच ठेवा.

जुलैत लस घेतली तर सातव्या महिन्याचं रक्त फेब्रुवारीत येतं. तेव्हा कापसाच्या फरदडीची वेचणी असते, घरं कामाला बाहेरगावी जातात, आणि नेमका तोच नमुना हुकतो. नाव नोंदवताना तुमच्या नंबरासोबत मुलीच्या मामाचाही नंबर लिहून द्या.