दोष चकतीचा, बोलणी पॅनेलला

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख 'एक्स-रेवाले' अशी करून दिल्यापासून पुढच्या रांगेतले काहीजण गुडघे चोळतायत. मी डॉक्टर नाही हो, मशीन दुरुस्त करणारा माणूस. विषय आहे ॲनोडची, म्हणजे किरणं तयार करणाऱ्या ट्यूबमधल्या फिरत्या चकतीची घडण आणि एक्स-रेची प्रत. पण आधी एक तक्रार. ती मांडल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

आपल्या नाशकातल्याच एका हॉस्पिटलने (नाव विचारू नका, माझं बिल अजून निघायचंय) जुन्या मशीनला फिल्मऐवजी फोटो टिपणारं नवंकोरं डिजिटल पॅनेल बसवलं. थोड्याच दिवसांत फोन. "फोटो धूसर येतोय, पॅनेलच खराब दिलं तुम्ही." गेलो, तर पॅनेल ठणठणीत. भोगत होती ट्यूब. सकाळी आल्या आल्या, वॉर्मअप न करता, पहिलाच एक्स-रे कमरेचा, तोही जाडजूड पेशंटचा! थंड टंगस्टन ठिसूळ असतो. त्यावर एकदम मारा केला की तो तडकणारच.

ही घ्या, निकामी ट्यूबमधली चकती. फिरू द्या रांगेतून. जपून, जड आहे. पायावर पडली तर एक्स-रे काढायला लागेल. कडेचा उतरता पट्टा बघा. मे महिन्यात गंगापूर धरणाचा गाळ भेगाळतो ना, तसा झालाय. समोरच्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन आदळतात ते इथेच. त्यांच्या ऊर्जेतली जेमतेम एक टक्का एक्स-रे होते, बाकी सगळी उष्णता. म्हणून सुमारे ३४०० अंशांना वितळणारा टंगस्टन, भेगा लांबणीवर टाकायला त्यात थोडं रेनियम, आणि मिनिटाला ३००० च्या आसपास फेरे. बटण अर्धं दाबल्यावर घर्रर्र आवाज येतो, तो हाच. पेशंटला वाटतं फोटो निघाला, नि तो श्वास सोडून मोकळा होतो!

तर, पट्टा खडबडीत झाला की किरणं भेगांतच अडकतात, बीम, म्हणजे किरणांचा झोत, कमी पडतो. मग टेक्निशियन एमए, म्हणजे ट्यूबमधला विद्युतप्रवाह, वाढवतो. एमए वाढला की मोठा फोकस, म्हणजे माऱ्याचा मोठा ठिपका, घ्यावा लागतो, आणि हाडाची कड पुसट होते. बोलणी बसतात पॅनेलला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय आता पळतच सांगतो.

पट्टा तिरका का? बारा अंशांचा कोन असेल, तर पाच मिलिमीटर लांबीचा मारा खालून एक मिलिमीटरचा दिसतो. उष्णता मोठ्या जागेवर पसरते, फोटो मात्र बारीक ठिपक्याचा मिळतो. मग कोन आणखी कमी का करू नये? कारण बीमचा पसारा आटतो. एक मीटरवर बारा अंशांत साधारण ४२ सेंटीमीटर मिळतात, म्हणजे छातीची मोठी फिल्म जेमतेम बसते. सात अंशांत पंचवीसही नाहीत.

शिवाय ॲनोडच्या बाजूची किरणं धातूतूनच वाट काढत येतात, म्हणून तिकडे बीम फिका. हा हील इफेक्ट. मांडीचा फोटो असेल तर खुबा कॅथोडकडे ठेवा, गुडघा ॲनोडकडे. मॅमोग्राफीत कॅथोड छातीच्या बाजूला असतो तो याचसाठी. तिथे मॉलिब्डेनमचा ॲनोडही वापरतात. त्याची १७ ते २० केईव्हीची (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) मऊ किरणं मऊ पेशींतला फरक दाखवतात, पण कमरेला काही उपयोगाची नाहीत.

रेनियमचं प्रमाण आणि ग्रॅफाइटची पाठ राहिली. ज्यांना हवंय त्यांनी चहाला थांबा.