भांगेच्या पानावरून काय कळतं?

श्रोतेहो, नमस्कार.

भांगेचं पान चित्रात तरी तुम्ही पाहिलंच असेल. देठाच्या टोकाशी एकाच ठिकाणाहून फुटलेल्या लांबट पर्णिका, कडा दातेरी, संख्या बहुधा विषम: पाच, सात, नऊ. पण हे झालं भर वाढीतलं पान. बी रुजल्यावर येणाऱ्या पहिल्या खऱ्या पानांना एकेकच पर्णिका असते. पुढे ती संख्या वाढत जाते आणि फुलोऱ्याजवळ पुन्हा घटते. एकाच झाडाची दोन पानं शेजारी ठेवली, तर वेगळ्या जातींची वाटावीत! म्हणून पान दाखवून कुणी जात सांगू लागला, तर आधी विचारावं, कितव्या पेराचं?

नावांचा घोळही जुनाच. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५३ साली भांगेच्या जातीला ‘सटायव्हा’ हे नाव दिलं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनं १७८५ मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही जात वेगळी काढली. गंमत म्हणजे लामार्कची इंडिका अरुंद पर्णिकांची. आज लोक इंडिका म्हणतात ती बुटकी, रुंद पानांची झाडं मूळची अफगाणिस्तानाकडची. पुढे १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकच जाती मानून दोन उपजाती केल्या. त्यांची मुख्य कसोटी पान नव्हती, टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचं प्रमाण होती: सीमा ०.३ टक्के.

मग वाण तयार करणाऱ्याला पानाचा उपयोग काय? आहे, पण मर्यादित. रुंद आणि अरुंद पानांच्या झाडांचा संकर केला, की पहिल्या पिढीची पानं साधारण मधली येतात. दुसऱ्या पिढीत मात्र नाना तऱ्हा निघतात. स्थिर झालेल्या वाणात एखादं वेगळ्या पानाचं रोप दिसलं, की भेसळीचा संशय घ्यायला जागा असते. रुंद, दाट पानांत हवा खेळत नाही, बुरशीचं भय वाढतं, हेही निवड करताना पाहावं लागतं.

पण रुंद पान म्हणजे अमुक गुण, हे समीकरण मला मुळीच पटत नाही. टीएचसी जास्त की सीबीडी हे भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य, हे मुख्यतः वेगळ्या जनुकांवर ठरतं आणि संकरात पानाचा आकार एकीकडे, रसायन दुसरीकडे जाऊ शकतं. रोप नर की मादी, हेही पान न्याहाळून कळत नाही. फुलाची खूण दिसेपर्यंत थांबायचं नसेल, तर पैदासकार कोवळ्या पानाचा तुकडा खुडून डीएनए चाचणीला पाठवतात. तिथे पानाचा आकार कुणी बघतही नाही.