तालीम कुठे करायची?

(माहितीपटाचं निवेदन. रात्र. पुण्याच्या पेठेतली अरुंद गल्ली, नाट्यगृहाचं गेट. टेम्पो रिव्हर्स घेतायत, कुणीतरी पत्र्यावर हात मारून "येऊ दे, येऊ दे" करतंय.)

रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. आतला नाटकाचा प्रयोग आत्ताच सुटलाय, लोक अजून गेटपाशी गप्पा मारत उभे आहेत आणि त्यांच्या गाड्यांमधून वाट काढत हा छोटा हत्ती आत घुसतोय. मागे प्लायवूड भरलंय, आठ बाय चारचे ३६ तुकडे. उद्या संध्याकाळपासून इथे तीन दिवस नवीन नाच बघायला मिळणार आहे, सहा रचना, सगळ्या पहिल्यांदाच स्टेजवर येणाऱ्या, आणि त्याची सुरुवात ही अशी होते, फळ्या उतरवण्यापासून.

हे जे उचलतायत ते नाचणारेच आहेत बरं का. चेक्सच्या शर्टातला उद्या दुसऱ्या नंबरला नाचणार आहे, आणि फळीच्या त्या टोकाला जी आहे तिने हा महोत्सव सुरू केला, स्वतःचा क्लास चालवून, त्यातले पैसे बाजूला काढून. मागे कुठली कंपनी नाही, बॅनरवर कुठल्या साहेबांचा फोटो नाही.

(स्टेज. फोमचे चौकोन अंथरतायत.)

आता हे नीट बघा, कारण उद्या प्रेक्षकांना यातलं काहीही दिसणार नाही. स्टेजला वरून लाकूड आहे, पण खाली थेट काँक्रीट. नाटकाला ते चालतं. नाचणारा माणूस एका तालमीत शंभर वेळा उडी मारून खाली येतो, आणि दर वेळी त्याचं सगळं वजन जमिनीवर आपटतं. जमिनीने ते घेतलं नाही तर ते परत वर येतं, घोट्यात, नडगीत, गुडघ्यात, कमरेत. म्हणून आधी हे फोमचे छोटे तुकडे, हातभर अंतर सोडून. त्यावर १८ फळ्या. त्यावर परत १८, पण वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, वीटकामासारखं. मग स्क्रू. आणि सगळ्यात वर हा काळा रोल, ह्याला मार्ली म्हणतात, व्हिनाइलचं असतं, पाय घसरत नाही आणि अडकतही नाही. पट्टे शेजारी शेजारी टाकून मध्ये टेप. टेप मारताना एक सुरकुती राहिली तरी कुणाचा तरी अंगठा जातो, म्हणून ती जी ओणवी होऊन तळहात फिरवत चालली आहे ना, ती सुरकुती शोधतीये. पाऊण तास तेच करत होती. आम्ही सगळं शूट केलं.

(टेपचा आवाज. इथे निवेदन थांबवायचं.)

एवढा खटाटोप कशाला, असं तिथल्या चौकीदार काकांनीही विचारलं. कारण पुण्यात प्रयोग करायला जागा आहेत, तालमीला नाहीत. म्हणजे ज्या दिवशी तिकीट लावून लोक येणार त्या दिवसासाठी हॉल मिळतो, पैसे भरा, तारीख घ्या. पण स्टेजवरच्या त्या थोड्या मिनिटांच्या आधी जे चार-पाच महिने लागतात ते कुठे घालवायचे? ह्या सहा जणांना आम्ही विचारलं. एकीने शाळेच्या सभागृहात केलं, शहाबादी फरशीवर, शाळा सुटल्यावर साडेसहा ते आठ. एकाने सोसायटीच्या गच्चीवर, उन्हाळ्यात पहाटे पाचला, कारण सातनंतर तळपाय भाजतात. दोघांनी मिळून मंगल कार्यालय घेतलं, मुहूर्त नसेल त्या दिवशीच मिळायचं, आणि लग्नसराई सुरू झाल्यावर तेही गेलं. एका ठिकाणी तर "नाच म्हणजे नक्की काय करणार, खाली लोळणार का, मग नाही" असं सांगून परत पाठवलं. नाव घेत नाही. पण खाली लोळणं हा ह्या नाचाचा अर्धा जीव आहे, ते सोडून कसं करायचं?

(जुने घुंगरू, भिंतीवर टांगलेले. क्लासमधल्या मुली.)

पुण्याला नाच नवा आहे असं मुळीच नाही. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती सुरू केली, आणि आज ह्या शहरात कथक करणाऱ्या कितीतरी मुली त्यांच्या शिष्यांच्या शिष्या आहेत. सुचेताताई चापेकरांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचना शोधून भरतनाट्यममध्ये आणल्या, नंतर भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड देऊन 'नृत्यगंगा' उभी केली, तेव्हा तीही नवीच गोष्ट होती. हृषीकेश पवार इथेच कंटेम्पररी, म्हणजे आजच्या काळातला नवा नाच, शिकवतात आणि पार्किन्सन्स झालेल्या लोकांना घेऊन नाचतात, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांचं पाऊल उचलायला वेळ लागतो त्यांना. त्यामुळे "हे आपल्याकडचं नाही" असं कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं.

आणि पुण्याबाहेर बघायचं तर चंद्रलेखा घ्या ना. जन्म आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा गावचा. मद्रासला गेल्या, भरतनाट्यम शिकल्या, आणि १९८५ मध्ये 'अंगिका' केलं तेव्हा भरतनाट्यमच्या शेजारी योग आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू आणून ठेवली, की बघा, हे शरीर एकच आहे. अहमदाबादला कुमुदिनीबेन लाखियांनी कथक एकट्या नर्तकीकडून समूहाकडे नेलं, राधाकृष्णाच्या गोष्टीतून बाहेर काढलं. एका रचनेचं नावच 'अतः किम्', म्हणजे आता पुढे काय. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. अस्ताद देबू कथक शिकले, कथकली शिकले, मणिपूरच्या थांग-ता ह्या युद्धकलेवाल्यांबरोबर काम केलं, ऐकू न येणाऱ्या मुलामुलींबरोबर काम केलं, २०२० च्या डिसेंबरात तेही गेले. ह्या लोकांनी वाट करून ठेवली आहे. टीव्हीवर कंटेम्पररी म्हणून दीड मिनिटाचं जे दिसतं, गिरक्या आणि उचलाउचली, त्याच्या पलीकडे हे खूप मोठं आहे.

एकांकिका करणाऱ्या पोरांना ह्या शहरात पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आहे, १९६३ पासून. भरत नाट्य मंदिराच्या दारात "अरे आव्वाज कुणाचा" सुरू झालं की कळतं की नवीन लिहिणाऱ्या, नवीन बसवणाऱ्या पोरांची गर्दी झालीये. चुकायला जागा आहे त्यांना. गाण्याला सवाई गंधर्व महोत्सव आहे, १९५३ पासून. स्वतःची पहिली रचना घेऊन उभ्या राहिलेल्या नाचणारीला, जिच्यामागे गुरूंचं नाव नाही, ठरलेली बंदिश नाही, तिला काय आहे? म्हणून हे तीन दिवस.

(सकाळ. कौलारू इमारत. आत लाल माती.)

आणि आता तालमीकडे येऊया, म्हणजे खऱ्याखुऱ्या तालमीत. आपल्या भाषेत गंमत बघा, नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम, शब्द एकच. पुण्याच्या पेठांमध्ये चिंचेची तालीम, निंबाळकर तालीम, खालकर तालीम ही नावं आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो. चेक्सच्या शर्टातला जो होता, तो अशाच एका जुन्या तालमीच्या मागच्या गल्लीत वाढला. वडील लहानपणी पाठवायचे, दोन वर्षं माती अंगाला लावली, मग सोडली. नाच शिकायला लागल्यावर एक दिवस त्याच्या लक्षात आलं की शिक्षक जे "वजन दे, वजन घे" म्हणतायत ते वस्ताद आधीच सांगून गेलेत.

मग तो परत गेला. सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस, पहाटे. आम्हाला दोनदा आत कॅमेरा न्यायची परवानगी मिळाली.

(हौदा. माती खणतायत. फावड्याचा आवाज.)

ही माती अशीच नसते. त्यात ताक जातं, तेल जातं, हळद, लिंबू. रोज खणायची, वर-खाली करायची, नाहीतर ती बसते, आणि बसलेली माती लागते. वस्ताद म्हणाले, "माती मऊ ठेवायला निम्मा वेळ जातो, कुस्ती उरलेल्या वेळात." ते ऐकलं आणि मला रात्रीच्या त्या फोमच्या तुकड्यांची आठवण झाली.

आता ही खडाखडी बघा. दोघं एकमेकांचा अंदाज घेतायत, हात मानेवर, कपाळाला कपाळ टेकलेलं, पाय सतत हलतायत पण वर फारसं काही दिसत नाही. प्रेक्षक म्हणून आपण डावाची वाट बघतो, पट कधी काढतो, ढाक कधी लावतो. आपल्या चेक्सच्या शर्टातल्याने डाव सगळे काढून टाकले. रचनेत फक्त खडाखडी ठेवली, २२ मिनिटं. कुणी पडत नाही, कुणी जिंकत नाही, दोन माणसं एकमेकांच्या वजनावर उभी आहेत आणि एकाने हात काढला तर दुसरा कोसळेल. अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन नावाच्या नर्तकाने १९७२ च्या सुमारास ह्याच वजन देण्या-घेण्यावर नाचाची अख्खी पद्धत उभी केली, कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात तिला, आणि तो माणूस आयकिदो करायचा. म्हणजे तिथेही सुरुवात झुंजीतूनच.

ह्या २२ मिनिटांच्या रचनेत त्याच्या समोर नाचणारी मुलगी आहे. तिला हौद्यात उतरता आलं नाही, तिथला नियम. आम्हाला ते पटलं नाही, तिलाही पटलं नाही, बोलणं झालं. वस्तादांनी तिला बाहेर ओसरीवर मॅट टाकून पकडी दाखवल्या, सलग दोन महिने. ते बघा, मनगट कसं धरायचं ते दाखवतायत. "जोर लावू नको पोरी, त्याचा जोर त्यालाच परत दे."

(ओसरीवरचा सराव. पूर्ण दोन मिनिटं ठेवायचं, कापायचं नाही.)

बाकीच्या रचनांना इथे एवढा वेळ देता येत नाहीये, पण ही एक बघाच. चौदा वर्षं कथक, विशारद झालेली मुलगी. घुंगरू काढून ठेवले आणि हातात स्कार्फ घेतला. पुण्यात दुचाकीवर निघालेली बाई तोंडाला स्कार्फ कसा बांधते ते आपण रोज बघतो, आरशात न बघता, सिग्नल सुटायच्या आत, एक पदर डोक्यावरून, एक मानेमागे, गाठ. तिने ती क्रिया मोजली, तिचे १६ तुकडे केले, तीनतालात बसवले. संगीत म्हणून फक्त स्कूटरच्या इंडिकेटरची टिकटिक, तिने स्वतःच्या गाडीवर फोन ठेवून रेकॉर्ड केलेली. सुरुवातीला लोक हसतात, ओळखीचं असतं म्हणून. मग पाचव्या मिनिटाला गाठ सुटत नाही. पुढचं चित्रात आहे.

(लाइट लावतायत. अंधार, मग एकेक दिवा.)

प्रयोगाआधीची शेवटची दुपार. नाटकाला प्रकाश समोरून लागतो, चेहरा दिसला पाहिजे, संवाद आहेत. नाचाला समोरून मारला तर माणूस कागदावर चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. म्हणून विंगांमध्ये हे उभे पाइप, त्यावर खाली नडगीच्या उंचीवर एक, कमरेला एक, डोक्याच्या वर एक. बाजूने प्रकाश आला की पाठीचा प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो, आणि माणूस जमिनीपासून जरा सुटल्यासारखा वाटतो. हा फरक बघा. आधी समोरून. आता बाजूने. एका रचनेला ३१ क्यू, म्हणजे दिवे बदलायच्या खुणा, आहेत आणि लाइटवाल्या दादांना नाचातले काऊंट माहिती नाहीत, म्हणून रचना बसवणारी शेजारी बसून त्यांच्या खांद्यावर बोटाने मोजतीये, सात, आठ, आणि... जा.

(तिसरी घंटा. अंधार.)

(महोत्सवातले भाग. निवेदन नाही.)

तीन दिवस झाले. प्रयोगानंतर रोज चर्चा झाली, भांडणंही झाली, ते आम्ही शूट करू शकलो नाही. पैसे वसूल झाले नाहीत, सहातल्या दोघी ह्या वर्षी बंगळुरूला चालल्यात, आणि पुढच्या वर्षीची तारीख अजून मिळालेली नाही.

(शेवटची रात्र. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. पहिल्या रांगेत वस्ताद आणि तीन पैलवान.)

वस्ताद आले होते. पांढरा सदरा, टोपी, पहिल्या रांगेत, २२ मिनिटं मांडीवर हात ठेवून बसले. सगळे गेल्यावर चप्पल बाहेर काढून स्टेजवर आले, वाकून हात लावला, कपाळाला लावला. मग टाचेने दोन ठिकाणी दाबून बघितलं.

"खालून हलतंय जरा."

"हो, फोम आहे खाली, वस्ताद."

"चांगलं केलंय." परत एकदा दाबलं. "आन् हे आता कुठं ठेवणार?"

"माझ्या पार्किंगमध्ये."

"पावसात?"

(मार्ली गुंडाळतायत. फळ्यांवर खडूने नंबर, ३६, ३५, ३४. टेम्पो चालू.)