लोकरीखाली हात घातल्याशिवाय काही कळत नाही

कापसाचं गाठोडं चालत आल्यासारखं दिसतंय ना? ह्या दिसण्यावर जाऊ नका. अल्पाका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं उंटाच्या कुळातलं लोकरीचं जनावर, लोकरीमुळे कायम गुटगुटीतच दिसतो, आतून पार हाडं निघाली असली तरी. वर दुखणं लपवायची खोड, कळपात जो मागे पडतो तोच आधी शिकार होतो हे त्याच्या रक्तातच आहे.

म्हणून तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात बघा. शेवटच्या फासळीच्या मागे, थेट कण्यावर, बोटं लोकरीत पार बुडालीत. अंगावर मांस किती आहे त्याला १ ते ५ असे मार्क असतात. कणा घराच्या छपरासारखा टोकदार लागला तर १ नाहीतर २, दोन्ही बाजूंनी मांस नीट भरलेलं असेल तर ३, आणि वर सपाट पाट झाला असेल तर लाड जास्त झालेत. ही पांढरी मादी २ वर आहे. आता खालची पापणी ओढली. आतला रंग लालसर गुलाबी हवा, हिचा फिकट, जवळजवळ पांढराच. म्हणजे पोटात रक्त पिणारे जंत असणार अशी शंका.

अल्पाका सगळे मिळून ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतात, शिस्तीचं जनावर आहे, पण तपासणीला ही शिस्त नडते कारण कुठली लेंडी कोणाची ते कळणार कसं! मग हातमोजा घालून थेट मादीकडूनच नमुना घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली अंडी मोजायची आणि मग औषध. सरसकट सगळ्यांना औषध पाजत सुटलं की काही वर्षांत जंतच औषधाला पुरून उरतात. ह्याच चुकीपायी गेल्या वर्षी इथली तीन जनावरं गेली.

आता ही गंमत बघा. गाईसारखा ठरावीक दिवसांनी माज अल्पाका मादीला येत नाही, नर मादीचं मीलन झालं की त्यानंतरच बीजांड सुटतं. म्हणून मीलनानंतर साधारण दोन आठवड्यांनी नर पुन्हा समोर आणायचा. तो बघा कसा घशातून गुरगुरत येतोय. मादी खाली बसली तर गाभण नाही. हिनं कान मागे पाडले, मान वर केली आणि... थुंकली! कॅमेऱ्यावर पण आलं थोडं. थुंकली म्हणजे बहुतेक गाभण, पण बहुतेकच, कारण कधीकधी पोटात काही नसतानाही मादी अशीच हाकलते. खात्री सोनोग्राफीनंच होते. तो काळा ठिपका दिसला? तेच. मीलनापासून धरला तर साधारण साडेअकरा महिन्यांचा हिशोब आहे, आणि पिल्लू बहुतेक वेळा एकच.

आणि हा तपकिरी नर, सगळ्यांचा लाडका. लोकरीचा धागा २० मायक्रॉनच्या आत, म्हणजे खूपच बारीक, हात लावला तर सोडवत नाही. लोक लोकर बघूनच नर निवडतात, आणि खरी गडबड तिथेच होते. डॉक्टरांनी ओठ वर केला. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, नुसती कडक हिरडी असते, खालचे दात तिला बरोबर टेकले पाहिजेत. ह्याचे चांगले बोटभर पुढे आलेत. मग मागे हात घातला. एकच वृषण खाली उतरलंय. असे दोष पुढच्या पिढीत उतरायची भीती असते, मग लोकर कितीही मऊ असू दे. ब्रीडिंगमधून नाव कट, पुढच्या आठवड्यात खच्ची करणार.

शेवटी हे कालच जन्मलेलं पिल्लू. पिल्लाला 'क्रिया' म्हणतात, व्याकरणातल्या क्रियेशी काही संबंध नाही. आईच्या वारेतून पिल्लाला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, जे मिळायचं ते पहिल्या दिवसाच्या चिकातूनच, म्हणून ती पुरेशी मिळाली का ते बघायला आज रक्त घेतलंय. काट्यावर ७ किलो २०० ग्रॅम. मागून हूं हूं ऐकू येतंय ना, ती आई आहे, काट्यापासून हलायला तयार नाही.