नावाला कंस पडण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. गणपती जवळ आले. मुंबईहून चाकरमानी येतील, माहेरवाशिणी येतील, वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपं निघतील. सगळी भावंडं एका पडवीत बसण्याची हीच वेळ आणि आपल्या कोकणात हक्कसोडपत्राचा, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय निघण्याचीही हीच वेळ. म्हणून आज मला आयांशी बोलायचं आहे. ज्यांना लेक आहे त्यांच्याशी, आणि ज्यांना नुसते मुलगे आहेत त्यांच्याशीही.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. वडील गेलेले असतात. मोठा मुलगा कागद पुढे करतो, "ताई, नुसती सही हवी, सातबाऱ्याचं काम अडलंय." लेक आईकडे बघते. आई म्हणते, "दे गो करून, माहेर तुटूक नको." बहुतेक घरांत आईच्या या एका वाक्यावर निकाल लागतो. आणि त्याच कागदावर आईनेही स्वतःचा हिस्सा सोडलेला असतो, हे तिला पुष्कळदा ठाऊकच नसतं.

म्हणून एक गोष्ट आधी पक्की करू. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळं. पुन्हा सांगते. वारस नोंदीने सातबाऱ्यावर तुमचं नाव लागतं, हक्कसोडपत्राने ते जातं.

हिशेब सोपा आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाच सारखे वाटे. आईचा एक, प्रत्येक मुलाचा एक, प्रत्येक मुलीचा एक. मुलीचं लग्न झालं की नाही हा प्रश्नच नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला मुलीचा जन्मजात हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांना कायदा वेगळा, वाटेही वेगळे, पण आई आणि मुलगी तिथेही वारस आहेतच.

आता मला एका आईची गोष्ट सांगायची आहे. कधीही सांगावी अशी गोष्ट आहे ती.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई. जयंतीबाई नावाची सुतार समाजातली एक तरुण विधवा, पदरी एक मुलगी. मुलीचं नाव रखमा, जन्म 1864 चा. जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करायचं ठरवलं. त्या वेळचा 1856 चा कायदा विधवेला पुनर्विवाहाची मुभा देत होता, पण पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत होता. जयंतीबाईंनी काय केलं? ती मिळकत लेकीच्या नावावर केली. रखमा तेव्हा लहान पोर होती. त्या काळात, त्या वयाच्या मुलीच्या नावावर, आईने!

पुढे अकराव्या वर्षी रखमाचं लग्न लावलं गेलं. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. रखमा माहेरीच राहिली, सावत्र वडिलांच्या घरात पुस्तकं वाचत मोठी झाली आणि मोठी झाल्यावर म्हणाली, मी नांदायला जाणार नाही. लग्न माझ्या संमतीने झालेलं नाही. 1884 मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचा डोळा मिळकतीवर आहे, असं रखमाबाईंच्या बाजूचे लोक म्हणत.

1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला आणि मोठं वादळ उठलं. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही या वादात तिच्या विरोधात होते. टिळकांबद्दलचा आदर जराही कमी न करता मी म्हणेन की इथे त्यांचं चुकलं, आणि मोठ्या माणसाचं चुकलं तर आपल्या मुलांना तसं सांगावं. अपिलात प्रकरण परत आलं आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी सांगितलं, मी तुरुंगात जाईन. बावीस वर्षांची मुलगी हे म्हणाली!

तुरुंगात जावं लागलं नाही. 1888 मध्ये तडजोड झाली, दादाजींना 2000 रुपये मिळाले, दावा मिटला. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं बाळंतपणं केली. किती आया आणि किती बाळं त्यांच्या हाताखालून गेली असतील! धैर्य रखमाबाईंचं, यात शंका नाही. पण मला राहून राहून जयंतीबाई आठवतात. लेक कुणाच्या दारात मिंधी होऊन उभी राहू नये, याची तजवीज त्या आईने कागदावर करून ठेवली होती.

तर आता आपल्या कागदाकडे. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेला अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांच्या आत द्यायचा. फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला, अर्जातच मुलीचं नाव गाळलं जातं. म्हणून आईने अर्ज स्वतः वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर नातीकडून वाचून घ्यावा. दुसरा, मुलीचं नाव लागतं पण चुकीच्या जागी. सातबारा हातात घ्या. भोगवटादाराच्या, म्हणजे कब्जेदाराच्या रकान्यात भावांची नावं आणि उजवीकडे "इतर हक्क" या सदरात बहिणींची, असे उतारे आपल्याकडे ढिगाने आहेत. नाव कब्जेदारात हवं. पुन्हा सांगते, कब्जेदारात. आणि जुन्या उताऱ्यावर एखाद्या नावाभोवती कंस दिसला, किंवा नव्या उताऱ्यावर नावावर आडवी रेघ दिसली, तर ते नाव कमी झालेलं आहे. कोणत्या फेरफाराने कमी झालं तो क्रमांक शेजारीच असतो, त्या फेरफाराची नक्कल मागा.

लावणी बाई करते, भात बाई कापते, काजूची बी भर उन्हात बाई वेचते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव शोधावं लागतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव लागतं, चांगलंच झालं. पण शाळेच्या दाखल्यावर लागलेलं नाव जमिनीच्या उताऱ्यावरही लागायला हवं.

सहीचं सांगते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावं लागतं. तिथे तुमचा फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात, साक्षीदार लागतात. वारस नोंदीसाठी यातलं काही लागत नाही. तेव्हा "वारस नोंद करायचीय" म्हणून नेलं आणि फोटोला बसवलं, तर उठा आणि दस्त वाचायला मागा. कुलमुखत्यारपत्रावर सही मागितली तरी तेच, कारण त्यावर दुसरा माणूस तुमच्या वतीने हक्क सोडू शकतो. कोऱ्या कागदावर तर सही नकोच.

लेकीला खुशीने सोडायचं असेल तर तिने जरूर सोडावं, तोही तिचा हक्क. मात्र सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहून, तेवढ्यापुरतंच. "समस्त स्थावर मिळकत" असं लिहिलं की घर, कलमांची बाग, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, सगळंच जातं. आणि आईने स्वतःचा हिस्सा आपल्या हयातीत सोडू नये, हे माझं ठाम मत आहे. मुलगे कितीही गुणी असोत.

अडलात तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या. एक पाच एक शून्य शून्य. पुन्हा सांगते, 15100. चुलीजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि गणपतीला लेक आली की तिलाही दाखवा.