शतपावली आणि ठिपक्यांची वही

श्रोतेहो, नमस्कार.

जेवल्यावर शतपावली करावी हे सांगायला रेडिओवर कुणी यायला नको. आजी सांगून गेली, वैद्य सांगून गेले, आता साखरेचा रिपोर्ट बघणारे डॉक्टरही तेच सांगतात. पटतं सगळ्यांना, पण चार दिवस होतं आणि पाचव्या दिवशी बारगळतं. ते का, एवढंच आज बघू.

आधी ते 21 दिवसांचं. ‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की ते खरंच वाटतं. त्याचा उगम बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लिखाणात आहे. त्यांनी लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहराही गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर 12 आठवडे अभ्यास झाला, तेव्हा मधला आकडा निघाला 66 दिवस. कुणाला 18 पुरतील, कुणाला 254 लागतील असं दिसलं. हे 254 मोजलेले नाहीत, आलेख पुढे वाढवून काढलेले आहेत. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे परत सांगतो: एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे तिच्याकडे येतो. बेंजामिन फ्रँकलिन. वादळात पतंग उडवणारा म्हणून शाळेत भेटतो तोच. मूळ धंदा छापखान्याचा, गाव फिलाडेल्फिया. पंचविशीच्या आसपास या गृहस्थाने ठरवलं, आपण संपूर्ण निर्दोष माणूस व्हायचं. त्याने बारा गुणांची यादी केली आणि एका मित्राला दाखवली. मित्र म्हणाला, लोक तुला गर्विष्ठ समजतात. मग तेरावा गुण आला, नम्रता.

त्याने एक छोटी वही आखली. एका गुणाला एक पान. पानावर सात उभे रकाने, वारांचे. तेरा आडव्या ओळी, गुणांच्या. रात्री बसायचं, दिवसभरात जिथे चुकलो तिथे काळा ठिपका द्यायचा. पण तेरा आघाड्यांवर एकदम लढायचं नाही. एका आठवड्यात लक्ष एकाच गुणावर, बाकीचे जसे जमतील तसे. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार फेरे. पहिला गुण मिताहार, कारण पोट ताब्यात असलं की डोकं शांत राहतं आणि पुढचे गुण सोपे जातात.

वापरायला लागल्यावर ठिपकेच ठिपके. नवा फेरा सुरू करताना जुने ठिपके खरवडायचे, तर कागदाला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली, तिच्यावर लाल शाईने पक्क्या रेघा मारल्या, ठिपके शिसपेन्सिलीने. ओला स्पंज फिरवला की पान कोरं!

तिसरा गुण होता टापटीप. वस्तू जागच्या जागी, काम वेळच्या वेळी. त्यासाठी वेळापत्रकही केलं: पाचला उठणं, आठ ते बारा काम, मग जेवण, वाचन आणि हिशेब, दोन ते सहा काम, दहाला झोप. नेमकं हेच त्याला साधलं नाही. कारणं त्याने स्वतःच लिहून ठेवली आहेत. असं वेळापत्रक छापखान्यातल्या कारागिराला जमेल, त्याची वेळ त्याच्या हातात असते. मालकाला कसं जमणार? गिऱ्हाईक त्याच्या सवडीने येतं. दुसरं कारण, स्मरणशक्ती उत्तम असल्याने पसाऱ्याचा त्याला त्रासच होत नव्हता.

इथे तो कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो. एकाने शेजारच्या लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि हट्ट धरला, धार चकाकते तशीच सगळी पात चकाकायला हवी. लोहार म्हणाला, करतो, पण सहाणेचं चाक तू फिरव. लोहार पात दगडावर रेटून धरतोय, हा चाक ओढतोय. दमला. मधून मधून येऊन बघतो, अजून डागच. शेवटी म्हणाला, आहे तशी दे. लोहार म्हणाला, अरे फिरव, फिरव, अजून नुसती ठिपकेदार झालीय. तर हा म्हणतो, मला वाटतं मला ठिपकेदारच आवडते.

(धारवाले आठवतात का? सायकल स्टँडवर लावून पायडल मारायचे. आता दिसेनासे झाले आणि घरोघरी बोथट सुरीने कांदा रगडणं चाललंय. बोथट सुरीच जास्त घसरते आणि बोट कापते, हे कुणी मनावर घेत नाही. असो.)

फ्रँकलिनच्या मते तो माणूस हरला होता. माझं मत उलटं आहे. लाकूड धारेने तुटतं. धार आली तर पातीचे डाग राहू द्यावेत.

तर शतपावली. सवय घड्याळाला बांधू नका, आधीच रोज होणाऱ्या कामाला बांधा. ‘रोज नऊला’ म्हटलं की नऊला तव्यावर भाकरी असते. ‘जेवणानंतर’ हेही ढगळ आहे. बडीशेप होते, मोबाईल हातात येतो, माणूस सोफ्यावर टेकतो आणि टेकला की संपलं. म्हणून खूण बसायच्या आधीची हवी: ताट सिंकमध्ये ठेवलं की पायात चप्पल. पण जिच्या हातात स्वयंपाकघर आहे तिचं काम ताटाने संपत नाही, म्हणून तिची खूण ओटा पुसून झाल्याची. रात्रपाळीवाल्याची, डबा धुतल्याची. शेजाऱ्याची खूण उसनी घेऊ नका.

किती चालायचं? पहिले दोन आठवडे खरोखर शंभर पावलं. जेमतेम एक मिनिट. हसू येईल इतकं कमी, पण पाहुणे आले, कंबर दुखली, तरी जमतं. पुढे वाटलं तर हजार, म्हणजे साधारण दहा मिनिटं. अडचणीचं उत्तर आधीच ठरवा, ‘जर-तर’च्या भाषेत: पाऊस असेल तर जिन्यापुढच्या पॅसेजमध्ये. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने याच जर-तरवर अनेक वर्षं काम केलंय. नुसत्या ‘करीन’पेक्षा ते जास्त पाळलं जातं.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब असतो त्याच चौकोनात. केलं त्या दिवशी एक टिंब. ॲपमधली ती सलग दिवसांची साखळी मला आवडत नाही. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि माणूस रागाने ॲपच काढून टाकतो. तीन आठवड्यांनी टिंबं बघा. दर गुरुवारीच चौकोन रिकामा असेल तर गुरुवारी घरात काय असतं ते बघा आणि त्या वाराची खूण वेगळी ठेवा. सगळेच वार विस्कळीत असतील तर ताटाची खूण तुमची नाही, दुसरी शोधा.

टिंबं देणं कधी थांबवायचं? चप्पल पायात गेल्यावर लक्षात यायला लागलं की आपण निघालोय, तेव्हा. तोवर पेन्सिल दोऱ्याने कॅलेंडरलाच बांधून ठेवा, शोधायला लागली की टिंब राहून जातं. नमस्कार.